पसाऱ्याला कारण लागतं

“या पलंगावर कोण झोपलं होतं?”

रिव्ह्यू मीटिंगमध्ये मोठ्या स्क्रीनवरच्या चित्राकडे बघत ताईंनी विचारलं. आम्ही चौघं इंजिनिअर एकमेकांकडे बघायला लागलो. पलंगावर कोणीच झोपलं नव्हतं. मुळात पलंगच नव्हता. खोली नव्हती, खिडकीतून येणारं सकाळचं ऊनही नव्हतं. आमच्या सर्व्हरवर रात्रभर रेंडर होऊन तयार झालेलं ते चित्र होतं. चादर थोडी चुरगळलेली दिसावी म्हणून मी कोडमध्ये एक रँडम नंबर टाकला होता. त्याप्रमाणे चादरीला सुरकुत्या पडल्या होत्या आणि मला तरी त्या अगदी खऱ्या वाटत होत्या.

“कोणीच नाही,” मी म्हटलं.

“तेच दिसतंय,” ताई म्हणाल्या. “उशीला खळगा नाही आणि चादर मधूनच कुठेतरी चुरगळलीये. माणूस झोपून उठला की पांघरूण तो ज्या बाजूने उतरला त्या बाजूला ढकललेलं असतं. पसाऱ्याला कारण लागतं गं.”

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. फर्निचर विकणाऱ्या वेबसाइट आणि ॲपसाठी खोल्यांची चित्रं तयार करायची, ही आमच्या कंपनीची कामगिरी. सोफा अजून कारखान्यात शिवला जात असतो, तेव्हा त्याचा ‘फोटो’ ॲपवर चढलेला असतो. ताई आमच्याकडे सहा महिन्यांच्या कंत्राटावर आल्या होत्या. त्याआधी जवळजवळ वीस वर्षं त्या मुंबईत घरसजावटीच्या मासिकांसाठी स्टायलिस्ट म्हणून काम करत होत्या. असं काही काम असतं, हेच मला तोवर माहीत नव्हतं. डेंटिस्टच्या वेटिंग रूममध्ये पडलेली ती गुळगुळीत मासिकं चाळताना मी धरूनच चालले होते, की काही श्रीमंत लोकांची घरं अशीच असतात आणि फोटोग्राफर जाऊन फोटो काढून येतो.

ताई हसल्या. मग त्यांनी सांगितलं, की शूटच्या आदले काही दिवस त्या दुकानं पालथी घालायच्या. दिवे, कुशन, गालिचे, फुलदाण्या असं सगळं रिटर्नेबल चलनावर उचलायचं, टेम्पोत भरायचं आणि वापरून झाल्यावर ओरखडाही न पडता परत करायचं. म्हणून किमतीचे टॅग तसेच ठेवून कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या बाजूला वळवायचे. त्यांच्या पिशवीत डबल टेप, टाचण्या, कात्री, नायलॉनचा दोरा आणि कपडे सरळ करायचा स्टीमर. घरात शिरल्यावर पहिलं काम म्हणजे घर रिकामं करणं. वायफायचा राउटर, चार्जर, औषधांचा डबा, कॅलेंडर, इन्व्हर्टर, बाल्कनीतली वाळत घातलेली कपड्यांची दोरी हे सगळं बाहेर. मग त्या रिकाम्या खोलीत पुन्हा ‘राहणं’ भरायचं. अर्धवट वाचलेलं पुस्तक, त्यावर चष्मा, खुर्चीच्या पाठीवर शाल, कपात अर्धाच चहा. भरलेला कप टेबलावर नुकताच आणून ठेवल्यासारखा दिसतो, आणि रिकामा कप विसळायचा राहिल्यासारखा. अर्ध्या कपावरून कळतं, की माणूस आत्ता उठून आतल्या खोलीत गेलाय.

“म्हणजे खरं राहणं काढायचं आणि खोटं राहणं घालायचं?” मी विचारलं.

“खोटं नाही,” त्या म्हणाल्या. “फोटोत बसेल असं.”

या कामाची सुरुवात कुठे झाली असेल, हे मी शोधायला लागले. आमच्या टीममध्ये काहीही अडलं की कोणीतरी म्हणायचंच, “हे आयकियाने आधीच सोडवलंय.” म्हणून मी स्वीडनपासून सुरुवात केली. आयकिया म्युझियमने जुने सगळे कॅटलॉग ऑनलाइन ठेवलेत, आणि रात्री जेवण झाल्यावर मी फोनवर ते एकेक पान सरकवत बसायचे. पण वाचता वाचता मी आयकियाच्याही मागे गेले, आणि तिथे मला कारिन भेटली.

कारिनचं घर

कारिन बेर्गो आणि कार्ल लार्शॉन हे दोघंही चित्रकार. दोघंही स्टॉकहोमच्या कला अकादमीत शिकलेले. फ्रान्समधल्या ग्रे नावाच्या गावात चित्रकारांची वस्ती होती, तिथे त्यांचं जमलं. १८८३ साली लग्न झालं, पुढे मुलं झाली आणि कारिनने चित्रं काढणं जवळपास सोडून दिलं. १८८८ साली तिच्या वडिलांनी त्यांना सुंडबोर्न गावातलं एक छोटं लाकडी घर दिलं. हे घर म्हणजे लिला हित्नेस.

कॅनव्हास सुटला, पण कारिनचे हात थांबले नाहीत. तिने पडदे विणले, टेबलावरची वस्त्रं विणली, उशांच्या खोळी भरल्या, फर्निचरची डिझाइन काढली. त्या काळातल्या सुखवस्तू घरांत गडद रंग आणि जड पडदे असायचे. हिच्या घरात लाल, हिरवा, पांढरा रंग, साध्या रेषा आणि खिडकीत कुंड्या. तिने काढलेली एक झुलती खुर्ची गावच्या सुताराला इतकी विचित्र वाटली, की आपण केलीये हे कोणाला दिसू नये म्हणून तो ती झाकून घेऊन आला, असं सांगतात.

कार्लने या घराच्या खोल्या जलरंगात रंगवल्या. एका पावसाळी उन्हाळ्यात तो काम नसल्यामुळे चिडचिड करत होता, तेव्हा घरच रंगव असं कारिननेच सुचवलं, असंही सांगितलं जातं. १८९९ साली ती चित्रं ‘एट हेम’, म्हणजे ‘एक घर’, या पुस्तकात आली. पुढे जर्मनीतही ती पोहोचली आणि लोकप्रिय झाली. स्वीडिश घर म्हटल्यावर आज जे उजेडाचं, साधं, पोराबाळांचं घर डोळ्यांसमोर येतं, त्याचा मोठा भाग या जलरंगांतून आला आहे.

यातलं माझं आवडतं चित्र शिक्षा झालेल्या मुलाचं आहे. नीटनेटका दिवाणखाना आणि त्याच्या कोपऱ्यात खुर्चीवर बसलेला छोटा पोंटुस. जेवताना खोडी काढली म्हणून त्याला तिथे बसवलंय. ते चित्र पाहिलं आणि मला ताईंचं वाक्य आठवलं. खोलीतल्या त्या माणसाला तिथे असायला कारण होतं. चित्रकाराने जागा भरायला मूल आणून बसवलेलं नव्हतं.

पुस्तकावर नाव कार्लचं होतं. घर रंगवणारा तो, म्हणून घर त्याचं. १९९७ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने मोठं प्रदर्शन भरवलं, तेव्हा शीर्षकात दोघांची नावं होती आणि दोघांनाही स्वीडिश शैलीचे जनक म्हटलं होतं. ‘एट हेम’ येऊन तोवर ९८ वर्षं झाली होती.

ज्या काळात कार्ल आपलं घर रंगवत होता, त्याच काळात अमेरिकेत छापील घरसजावटीचा धंदा उभा राहत होता. शिकागोत १८९६ साली ‘हाउस ब्यूटिफुल’ सुरू झालं. १९२० साली लॉस एंजेलिसमध्ये ‘आर्किटेक्चरल डायजेस्ट’ आलं, आणि त्याची भारतीय आवृत्ती २०१२ साली निघाली. इटलीत १९२८ साली जिओ पोंती या वास्तुरचनाकाराने ‘दोमुस’ काढलं. या मासिकांनी वाचकाला दुसऱ्याच्या घरात डोकावायची सवय लावली. नाव व्हायचं ते घरमालकाचं, वास्तुरचनाकाराचं आणि फोटोग्राफरचं. कुशन कोणी ठेवलं, हा प्रश्न वाचकाला पडूच नये यातच स्टायलिस्टचं यश. “माझं काम दिसलं तर मी नापास,” असं ताई म्हणायच्या.

कागदावर विश्वास कोण ठेवणार?

इंगवार कांप्रादने १९४३ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, आयकिया सुरू केली तेव्हा तो पेनं, पाकिटं असल्या छोट्या वस्तू विकायचा. फर्निचर आलं १९४८ साली. पहिला कॅटलॉग १९५१चा. मुखपृष्ठावर एक पाठ उंच असलेली आरामखुर्ची. त्याच्या २ लाख ८५ हजार प्रती स्वीडनच्या दक्षिण भागात वाटल्या गेल्या. मजकूर बराचसा कांप्रादने स्वतःच लिहिला होता.

पण पोस्टाने माल विकणाऱ्या दुसऱ्या एका कंपनीशी किमतीची चढाओढ सुरू झाली. दोघंही भाव पाडत गेले, भावाबरोबर मालाचा दर्जा घसरला आणि गिऱ्हाइकाचा चित्रावरचा विश्वास उडायला लागला. यावर कांप्रादने १९५३ साली एल्महुल्ट गावात एक प्रदर्शन उघडलं. या, खुर्चीवर बसून बघा, कपाटाचं दार उघडून बघा, मग मागवा. आज जगभर आयकियाच्या दुकानांत ज्या सजवलेल्या खोल्यांतून आपण फिरतो, त्यांचं मूळ हे आहे. चित्रावर विश्वास बसेना म्हणून खोली उभी करावी लागली.

खोल्यांचे फोटोही काढायचेच होते. एल्महुल्टमध्ये प्रचंड मोठा फोटो स्टुडिओ उभा राहिला. तिथे सुतार तीन भिंतींच्या खोल्या बांधायचे, रंगारी रंगवायचे, स्टायलिस्ट सजवायचे, फोटो झाला की खोली मोडायची आणि तिथे दुसरी उभी राहायची. वर्षभर हे काम चालायचं, कारण कॅटलॉग वर्षातून एकदाच यायचा. २०१६ साली त्याच्या २० कोटी प्रती निघाल्या. ३२ भाषा, ६९ आवृत्त्या.

बेर्टिल नावाची खुर्ची

आता माझ्या धंद्याची गोष्ट. आयकियाच्या वस्तू जगभर तयार व्हायच्या आणि फोटोसाठी त्या स्वीडनला आणाव्या लागायच्या. त्यात खर्च होता, वेळ जायचा, आणि खुर्ची पोहोचायला उशीर झाला की पुढचं सगळं अडायचं. मग काही जणांना वाटलं, की खुर्ची न आणता तिचं चित्र संगणकावर तयार करून बघू. २००६ साली पहिलं चित्र जमलं. बेर्टिल नावाची पाइनच्या लाकडाची साधी खुर्ची. गिऱ्हाइकांना काही कळलं नाही.

सुरुवातीची बरीचशी चित्रं मात्र निर्जीव दिसायची. थ्रीडी करणाऱ्या मुलांना सॉफ्टवेअर येत होतं, घर येत नव्हतं. आयकियाच्या या विभागातले मार्टिन एन्थेड यांनी २०१४ साली एका मुलाखतीत यावरचा उपाय सांगितला होता. त्यांनी फोटोग्राफरांना थ्रीडी शिकवलं आणि थ्रीडीवाल्यांना फोटोग्राफी. त्याच मुलाखतीत २००९चा एक किस्सा आहे. दर्जा तपासणाऱ्या लोकांनी तक्रार केली, की ही संगणकावरची चित्रं बंद करा, फार वाईट आहेत. कोणती वाईट आणि कोणती चांगली, ते वेगळं करून बघितलं. नावं ठेवलेली चित्रं जवळजवळ सगळी खरे फोटो निघाली, आणि चांगली म्हणून बाजूला काढलेली संगणकावरची. त्या दिवसानंतर वाद संपला. २०१४पर्यंत त्यांच्या वस्तूंची सुमारे ७५ टक्के चित्रं संगणकावर बनत होती आणि जवळपास २५ हजार वस्तूंची मॉडेलं साठवलेली होती.

आमच्या ऑफिसात हा किस्सा विजयगाथा म्हणून सांगितला जातो. मीही तसाच ऐकला होता. ताईंबरोबर काम केल्यावर त्याचा मधला भाग मला ऐकू आला. हाताने काम करणारी माणसं थ्रीडीवाल्यांच्या शेजारी येऊन बसली, म्हणून ती चित्रं सुधारली.

कारण संगणकाला चादर म्हणजे काय ते ठाऊक नसतं. त्याच्या लेखी चादर म्हणजे हजारो बिंदूंची जाळी, एकेक बिंदू शेजारच्या बिंदूला काल्पनिक स्प्रिंगने जोडलेला. ही जाळी वरून पलंगावर सोडायची, गुरुत्वाकर्षण लावायचं आणि ती पडेल तशी पडू द्यायची. सुती कापडाला स्प्रिंग किती ताठ, लोकरीला किती सैल, याचे आकडे सापडतात. मग प्रत्येक पिक्सेलसाठी प्रकाशाचे शेकडो किरण सोडून ते कुठे आपटून कुठे जातात, याचा हिशेब करायचा. हे सगळं गणित आहे आणि ते मला येतं. पण चादर कोणत्या बाजूला ढकलायची, याचं गणित नाही. ते ठरवायला सकाळी कोणीतरी उठलेलं असावं लागतं.

चित्र एकदा आकड्यांचं झालं, की त्यात बदल करणं स्वस्त होतं. हेच स्वयंपाकघर एका देशासाठी पांढरं, दुसऱ्यासाठी लाकडी. आमच्याकडेही उत्तरेच्या गिऱ्हाइकाला एक भिंत दिसते, दक्षिणेच्या गिऱ्हाइकाला दुसरी. चित्रातून माणूस पुसणंही अवघड नसतं. २०१२ साली स्वीडनच्या ‘मेट्रो’ वृत्तपत्राने उघड केलं, की आयकियाच्या सौदी अरेबियाच्या कॅटलॉगमधून बायका गायब केल्यात. बाथरूमच्या एका फोटोत मूळ आवृत्तीत पायजमा घातलेली आई मुलांजवळ उभी होती, सौदी आवृत्तीत तिच्या जागी नुसती फरशी. स्वीडनमध्ये गदारोळ झाला, कंपनीने खेद व्यक्त केला. ती दोन चित्रं शेजारी ठेवून मी बराच वेळ बघत होते. आई पुसली तरी खोली तितकीच नीटनेटकी होती. ती नीट कोणी ठेवली असेल, हे मात्र त्या खोलीत बघून कळत नव्हतं.

फंक्शनचं नाव

ताईंच्या त्या मीटिंगनंतर मी रँडम नंबर काढून टाकला. त्यांच्या शेजारी बसून नियम लिहायला लागले. पलंगाला खिडकी कुठल्या बाजूला, दार कुठल्या बाजूला, म्हणजे माणूस कुठून उतरेल. उजव्या हाताचा असेल तर कप कुठे, चष्मा कुठे. टॉवेल ओला असेल तर त्याची घडी कशी लोंबेल. लहान मूल असलेल्या घरात खालच्या दोन फळ्यांवर काचेचं काही नसेल. त्या बोलायच्या, मी टाइप करायचे. मध्येच त्या थांबून म्हणायच्या, “छे, असं नाही सांगता येत, दाखव इकडे,” आणि माझा माउस हातात घेऊन कुशन दोन बोटं सरकवायच्या. ती दोन बोटं किती पिक्सेल झाली, ते मी टिपून घ्यायचे. अशा साडेतीनशेवर नोंदी झाल्या.

चित्रं सुधारली. इतकी, की वरिष्ठांनी पुढच्या मीटिंगमध्ये माझं कौतुक केलं. सहा महिने संपले आणि ताईंचं कंत्राट पुढे वाढलं नाही. नियम लिहून झाले होते, आता माणूस कशाला, इतकं साधं कारण होतं. निरोपाला केक आणला होता. ताईंनी तो टेबलावर थोडा तिरका सरकवला, सुरी त्याच्या शेजारी ठेवली आणि म्हणाल्या, “आता काढा फोटो.”

मी काही बोलले नाही. काय बोलायला हवं होतं, ते मला आजही नीट माहीत नाही. त्यांच्या वीस वर्षांच्या सवयी मी कोडमध्ये बसवल्या, त्याचा पगार मला मिळतो. मासिकात निदान बारीक अक्षरांत का होईना, स्टायलिस्ट म्हणून त्यांचं नाव छापलं जायचं. आमच्या ॲपवर नावं नसतात. इतकंच केलं, की त्या नियमांच्या फंक्शनला त्यांचं नाव दिलं आणि वर कॉमेंट लिहिली, की हे कोणाकडून शिकलो. फंक्शनचं नाव गिऱ्हाइकाला दिसत नाही. पण पुढे कोणी इंजिनिअर ते उघडेल तेव्हा त्याला वाचावं लागेल. उद्या कोणी तो कोड नव्याने लिहिला तर तेही जाईल, हे मला माहीत आहे.

तुर्भ्याच्या दुकानात

७ डिसेंबर २०२० रोजी आयकियाने छापील कॅटलॉग बंद करत असल्याचं जाहीर केलं. लोक आता फोनवरच बघतात, असं कारण दिलं. सत्तर वर्षांची प्रथा संपली. बरोबर अकरा दिवसांनी, १८ डिसेंबरला, नवी मुंबईत तुर्भ्याला त्यांचं महाराष्ट्रातलं पहिलं मोठं दुकान उघडलं. आपल्याकडे खोल्या आल्या, तेव्हा कागद संपलेला होता.

गेल्या वर्षी आई कराडहून नेरुळला मावशीकडे आली होती, तेव्हा तिला मी ते दुकान दाखवायला नेलं. आमच्या घरात दिवाण, काचेचं शोकेस आणि त्यात माझ्या शाळेतल्या ट्रॉफ्या आहेत. पाहुणे यायचे असले की आई कपाटातून ठेवणीतली चादर काढते, टीव्हीवरचं धूळ पुसायचं फडकं लपवते, वर्तमानपत्रं गादीखाली सरकवते. आमच्याकडेही शूटच्या आधी घर रिकामं होतं, फक्त फोटोग्राफरऐवजी काका-काकू येतात.

दुकानातल्या एका सजवलेल्या बेडरूममध्ये आई थांबली. शेल्फातली पुस्तकं स्वीडिश होती, ती तिने उलटसुलट करून बघितली. मग पलंगाकडे वळली. पांघरूण एका बाजूला ढकललेलं, उशीला खळगा. ते कोणीतरी सकाळी दुकान उघडायच्या आधी मुद्दाम केलं असणार. आईने पर्स माझ्याकडे दिली, पांघरूण झटकलं, दोन्ही टोकं जुळवून घडी घातली, उशी थापटून उभी केली आणि पलंगावरून एकदा हात फिरवला.

“आई, ते तसंच ठेवायचं असतं.”

“असं कसं?” ती म्हणाली. “उठून गेलं की आवरायला नको? कोण राहतं इथे?”

रात्री मी तो प्रसंग ताईंना मेसेजवर लिहून पाठवला. त्यांचं उत्तर लगेच आलं: “आईंना विचार, घडी कुठल्या बाजूला ठेवली?”

मी आईला विचारलं. ती म्हणाली, पायाकडे, आणि कुठे.